सारखी सर्दी होते, म्हणजे मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे: मुलगा साडेतीन वर्षांचा. जूनमध्ये प्लेग्रुपला जाऊ लागला आणि ऑक्टोबरपर्यंत पाच वेळा सर्दी-ताप झाला. सीबीसी केला, त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ५४ टक्के आले आणि समोर ठळक अक्षरांत ‘जास्त’ असं छापलंय. सासूबाई काढा देतात, सोसायटीतल्या मैत्रिणीने इम्युनिटीचं सिरप सुचवलंय. मधे ऑगस्टमध्ये सासऱ्यांना डेंग्यू झाला. ताप उतरला आणि नेमकी तेव्हाच तब्येत ढासळली, हे कोडं घरात अजून कुणालाच सुटलेलं नाही. आणि शेवटी, ‘बारावीला हे सगळं शिकले होते, आता फक्त नावं आठवतात. शरीर जंतूंशी लढतं म्हणजे नेमकं काय करतं, एकदा नीट सांगाल का?’

ठाण्यात नौपाड्याला माझा दवाखाना आहे, तीस वर्षं होत आली. तिथे या प्रश्नाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, कारण बाहेर बाकावर अजून सातजण खोकत बसलेले असतात. इथे जरा ऐसपैस सांगते.

आधी तो ५४चा आकडा, कारण तुमची झोप त्यानेच उडवली असणार. रिपोर्टच्या उजव्या बाजूला ‘नॉर्मल’ची जी पट्टी असते ती बऱ्याच लॅबमध्ये मोठ्या माणसांचीच छापलेली असते: लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, त्याहून जास्त. मुलांचं रक्त चार-पाच वर्षांपर्यंत याच्या उलट असतं, लिम्फोसाइटच वरचढ. साडेतीन वर्षांच्या मुलात ५४ हा अगदी वयाला शोभणारा आकडा आहे. असे ‘जास्त’चे शिक्के घेऊन घाबरत आलेले आईबाप मला दर महिन्याला भेटतात. आणि पाच सर्दी? मुलं पहिल्यांदा चारचौघांत जायला लागली की वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-पडसं व्हायचंच, काहींना दहा-बारा वेळाही. तुमचा मुलगा जरा वरच्या कडेला आहे, पण कडेच्या आत आहे.

आता मोठा प्रश्न. शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे सैन्याची उपमा असते: शरीर म्हणजे किल्ला, पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे. मला ती फारशी आवडत नाही. सैन्य म्हटलं की माणूस लगेच जास्त सैनिक आणि जास्त दारूगोळा मागायला लागतो, आणि ‘बूस्टर’वाल्यांचं दुकान तिथेच चालतं. माझ्या अनुभवात माणसं प्रतिकार कमी पडल्याने जेवढी आजारी दिसतात, तेवढीच प्रतिकार अंगावर आल्यानेही दिसतात. हे जरा विचित्र वाटेल, पण पुढे वाचा.

जंतूंना आत येऊच न देणारी व्यवस्था सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी कौतुकाची. अखंड त्वचा ही त्यातली पहिली. २६ जुलै २००५च्या पुरानंतर आमच्याकडे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जे रुग्ण आले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायांना भेगा, चिखल्या नाहीतर खरचटलेलं होतं. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरलेला तो जंतू धड कातडीतून सहसा शिरत नाही, त्याला फट लागते. म्हणून पावसाळ्यात पायाची भेग हा माझ्या लेखी सौंदर्याचा विषय नाही. पोटातलं आम्ल हा दुसरा अडथळा. आणि तिसरा म्हणजे जो पुसून पुसून तुम्ही कंटाळलात तो शेंबूड. १९२१मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सर्दीने बेजार होते, त्यांनी स्वतःच्याच नाकातला स्राव जंतू वाढवलेल्या बशीत टाकला आणि पाहिलं तर आजूबाजूचे जंतू विरघळत होते. त्यातून लायसोझाइम सापडलं. पेनिसिलिन त्यानंतरचं, १९२८चं. अश्रूंत आणि लाळेतही हेच लायसोझाइम असतं. याच ओघात एक सांगून टाकते: शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणार, हा समज चुकीचा आहे. तो हिरवा रंग आपल्याच न्यूट्रोफिल पेशींतल्या एका एन्झाइमचा असतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो येतो आणि जातो.

फटीतून कुणी शिरलंच, तर पहिले धावतात ते हे न्यूट्रोफिल आणि त्यांच्या जोडीला मॅक्रोफेज, म्हणजे जंतूला गिळून पचवणाऱ्या पेशी. या गिळण्याचा शोध १८८२मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी लागला. मेचनिकॉफ नावाच्या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. तुमच्या मुलाच्या बोटात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी जो लाल, ठसठसणारा फुगवटा येतो, तो हाच गराडा. पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिल. हाडांच्या मगजात ते रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि बरेचसे एका-दोन दिवसांत संपतात.

या पेशींना समोरचा परका आहे हे कळतं कसं, याचं उत्तर मात्र फार उशिरा मिळालं. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं आपण हाकलतो ना, त्याच जातीच्या माशांवर ज्यूल हॉफमान यांनी १९९६मध्ये दाखवलं की ‘टोल’ नावाचं एक जनुक बिघडलं तर माशी बुरशीने मरते. पुढे आपल्या पेशींवरही तशीच टोलसारखी प्रथिनं सापडली. प्रत्येक जंतूचा चेहरा ती ओळखत नाहीत. त्यांना कळते ती जात: ही जिवाणूची भिंत, हे विषाणूचं आरएनए. बंदोबस्त तेवढ्यावर सुरू होतो.

विषाणूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला फार सुंदर वाटते. विषाणू शिरलेली पेशी मरायच्या आधी शेजारणींना निरोप धाडते. तो निरोप म्हणजे इंटरफेरॉन, १९५७मध्ये लंडनमध्ये सापडलेला. सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी नाही’ असा मेसेज आला की कसे सगळे नळ बंद करून पिंपं भरून ठेवतात, तसं शेजारच्या पेशी आपली प्रथिनं बनवायची यंत्रणा मंद करतात. विषाणू आत आला तरी त्याला नकला काढायला सामग्री मिळत नाही.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत असत. माझ्याकडचे दोन-तीन रुग्ण ती घेत होते. इंजेक्शन घेतल्या रात्री त्यांना थंडी वाजायची, ताप चढायचा, अंग मोडून यायचं, तोंडाची चव जायची. अगदी फ्लू झाल्यासारखं, आणि अंगात फ्लूचा एकही विषाणू नाही! म्हणजे ज्याला आपण ‘आजार’ म्हणतो, ती कणकण, तो ताप, ती मरगळ, यातलं पुष्कळसं काम विषाणूचं नसून आपलंच असतं. तापाचंही तसंच. मॅक्रोफेजनी सोडलेली रसायनं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात आणि तो शरीराच्या तापमानाचा काटा ३७वरून ३९वर नेऊन ठेवतो. अंग अजून ३७वरच असतं, म्हणून थंडी वाजते, पोर कुडकुडतं आणि गोधडी मागतं. काटा खाली आला की घाम फुटतो. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं, जंतूचं काही करत नाही. मूल रडत असेल, पाणी पीत नसेल तर जरूर द्या. पण १०० ताप असलेलं मूल खेळत असेल तर थर्मामीटर कपाटात ठेवा. त्या दोन दिवसांत त्याने पोळी-भाजी नाकारली तरी चालेल. भूक मरणं हाही त्याच रसायनांचा परिणाम आहे. पाणी, पेज, ताक चालू ठेवा.

हे सगळं पहिल्या काही तासांतलं. याने बरेच जंतू निपटतात. न निपटले तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुसरी फळी उतरते, लिम्फोसाइटची, म्हणजे त्या ५४ टक्क्यांची. त्यांना उशीर का लागतो?

त्यासाठी आधी त्या कशा बनतात ते पाहायला हवं. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, जंतूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीकशा आकारावर चपखल बसतात. जगात जंतू असंख्य, उद्या नवेही येतील. मग योग्य मापाचं प्रतिपिंड शरीर आणतं कुठून? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळांना वाटायचं की शरीर शिंप्यासारखं वागतं: जंतू आला, माप घेतलं, कपडा शिवला. १९५७मध्ये ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी सांगितलं की तसं नाही. शरीर राम मारुती रोडवरच्या रेडिमेड दुकानासारखं आहे. गिऱ्हाईक यायच्या आधीच कल्पना करता येईल त्या सगळ्या मापांचे कपडे टांगून ठेवलेले, पण प्रत्येक मापाचे अगदी मोजके. गिऱ्हाईक आलं, एखादा अंगाला बसला, की मग त्याच मापाची लाखोंनी ऑर्डर जाते. ती पुरी व्हायला चार-सहा दिवस लागतात. हाच तो उशीर.

तरी एक गाठ उरत होती. माणसाची सगळी जनुकं मिळून वीस हजारांच्या आसपास, आणि प्रतिपिंडांचे प्रकार कोट्यवधी. एवढी मापं येतात कुठून? ही गाठ सुसुमु तोनेगावा यांनी सोडवली आणि १९८७चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. प्रत्येक बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी लिम्फोसाइट, वाढताना आपल्याच डीएनएचे काही तुकडे कापते आणि नशिबाचे फासे टाकल्यासारखे नव्याने जोडते. ही जुळणी प्रत्येक पेशीची वेगळी. शरीरातल्या इतर पेशी आपल्या डीएनएला सहसा हात लावत नाहीत, या मुद्दाम लावतात. पुढे ऑर्डर सुरू झाल्यावर कपडे थोडे अल्टरही होतात. बारीक बदल होत जातात, आणि ज्या पेशीचा कपडा जास्त घट्ट बसेल तिलाच पुढे वाढू दिलं जातं. म्हणून लसीच्या दुसऱ्या डोसनंतरची प्रतिपिंडं पहिल्या डोसपेक्षा जास्त आणि जास्त चांगलीही असतात.

पण लाखांत एखादी योग्य पेशी आणि बोटाच्या टोकाला शिरलेला जंतू, यांची गाठ पडणार कशी? ठाण्यात कुणाला गाठायचं असेल आणि तो नेमका कुठे राहतो माहीत नसेल, तर संध्याकाळी तलावपाळीला जाऊन बसावं. आज नाही तर उद्या तो फेरी मारायला येतोच. लिम्फ नोड, म्हणजे काखेतल्या, मानेतल्या, जांघेतल्या गाठी, या शरीराच्या तलावपाळ्या आहेत. लिम्फोसाइट सतत एका गाठीतून दुसरीत फेऱ्या मारत असतात. डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन त्याच गाठीत येऊन बसतात. ओळख पटली की गाठीतच पेशी वाढायला लागतात आणि गाठ सुजते. पायाला जखम झाली की जांघेत ‘अवधाण’ येतं म्हणतात ते हेच. तुमच्या मुलाच्या मानेला सर्दीनंतर वाटाण्याएवढ्या, सरकणाऱ्या गाठी लागत असतील तर त्या शिकवणी चालू असल्याची खूण आहे. १८९६मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगलाही लोक गाठीचा ताप म्हणत. त्या रोगात जंतू गाठीपर्यंत पोचतो, पण तिथेच वरचढ ठरतो. त्यावरची लस वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

लिम्फोसाइट दोन घराण्यांच्या. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. त्यांच्यातल्या काही विषाणू लपलेल्या पेशींना हुडकून मारतात, आणि काही नुसत्या मदतनीस असतात. मदतनीस हा शब्द फसवा आहे, कारण त्यांच्या परवानगीवाचून बी पेशी सहसा मोठं काम हाती घेत नाहीत. एचआयव्ही नेमक्या याच मदतनीस पेशी संपवतो आणि सगळा कारभार कोसळतो.

या परवानगीचं आपल्याच भागातलं उदाहरण देते. टायफॉइडच्या जिवाणूवर साखरेसारख्या पदार्थाचं आवरण असतं. जुनी लस फक्त त्या आवरणाची होती. टी पेशी प्रथिनांचे तुकडेच ओळखतात, साखर त्यांना कळत नाही. त्यामुळे मदत नाही, आठवण नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत तर ती लस चालतच नव्हती. मग त्या साखरेला धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाची शेपटी जोडली. आता बी पेशी साखर ओळखून ती गिळते, शेपटी आपोआप आत जाते, तिचे तुकडे बी पेशी बाहेर मांडते, आणि धनुर्वाताचं प्रथिन ओळखणारी टी पेशी ते पाहून मदत देऊन टाकते. मदत मिळते शेपटीच्या नावाने, प्रतिपिंडं बनतात साखरेविरुद्ध. हातचलाखीच म्हणा ना. ही जोड-लस सार्वजनिक आरोग्यसेवेतून मोहीम काढून देण्याचा पहिला मान नवी मुंबई महापालिकेचा. २०१८च्या जुलै-ऑगस्टमध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना तिने ती टोचली. खाडीपलीकडच्या लोकांचं इतकं कौतुक करायची आम्हा ठाणेकरांना सवय नाही, पण हे खरंच कौतुकाचं होतं. तुमच्या मुलाला ही लस झाली आहे का, त्याचं कार्ड काढून बघा.

टायफॉइडचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार करून घेते. मागे माझ्या एका पेशंटला दुसरीकडे तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल टेस्ट करून, ती ‘पॉझिटिव्ह’ म्हणून दहा दिवस सलाइन लावली होती. विडाल प्रतिपिंडं मोजते. दुसऱ्या दिवशी नवी प्रतिपिंडं येणारच नाहीत, दिसतील ती जुनी, कधीकाळच्या ओळखीची. वर एवढं सांगितलेलं ऑर्डरचं वेळापत्रक ध्यानात ठेवलं तर हे कुणालाही कळेल. पहिल्या आठवड्यात टायफॉइड शोधायचा तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतूच वाढवून पाहणं, करावं लागतं.

काम झालं की बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात. त्याच आठवणी. १८४६मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला आढळलं की १७८१च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना पासष्ट वर्षांनीही तो झाला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर फिरकलेला नव्हता, म्हणजे ती आठवण कुणी ताजी करून दिलेली नव्हती. गोवर एकदाच येतो हे आजीबाईंचं म्हणणं अगदी खरं. पण गोवराचा एक दुष्टपणा त्यांनाही माहीत नव्हता: तो आठवणींच्या पेशीच खातो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवर झालेल्या मुलांची इतर जंतूंविरुद्धची आधीची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली दिसली. म्हणून ‘गोवर येऊन गेला की मूल खुरटतं’ या जुन्या बोलण्यात तथ्य होतं, आणि म्हणून नऊ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या सुमाराची एमआरची (गोवर-रुबेलाची) लस चुकवायची नसते.

मग सर्दी परत परत का होते? कारण सर्दी हा एक आजार नाहीच. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, शिवाय इतर कुळं वेगळी. तुमच्या मुलाला एकच सर्दी पाचदा झाली नाही, पाच वेगळ्या सर्द्या एकेकदा झाल्या. जन्मताना तो तुमची प्रतिपिंडं उसनी घेऊन आला होता, नाळेतून आणि चिकाच्या दुधातून. नाळेतून आलेली सहा ते नऊ महिन्यांत संपत आली. तोपर्यंतच्या आणि नंतरच्या घरकोंबड्या आयुष्यात त्याला नवं काही भेटलं नाही. जूनमध्ये पंधरा मुलं, पंधरा घरांतले विषाणू आणि एकच घसरगुंडी. तो आता अभ्यास भरून काढतोय.

आता सासऱ्यांचं कोडं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्याच्याविरुद्ध जन्मभराचं संरक्षण, बाकीच्या तिघांविरुद्ध जेमतेम काही महिन्यांचं. पुढे दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला, की जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत. कपडा अंगात गेला, पण बटणं लागली नाहीत. आणि प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळायची हा मॅक्रोफेजचा धर्म. त्या विषाणूला उचलून आत घेतात आणि तो त्यांच्यातच वाढतो. म्हणजे आठवणच उलटते. चौथ्या-पाचव्या दिवशी विषाणू घटायला लागतो, ताप उतरतो, पण तोवर पेशींनी सोडलेल्या रसायनांनी केशवाहिन्या झिरपायला लागलेल्या असतात. रक्तातलं पाणी बाहेर पडतं, रक्त घट्ट होतं, बीपी घसरतं. घरचे म्हणतात ताप गेला, आता खिचडी द्या, आणि खरा धोका त्या ४८ तासांत असतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, माणूस मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही. सगळ्यांचा डोळा प्लेटलेटवर असतो. माझा हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्यावर असतो. सासऱ्यांची फाइल असेल तर बघा: पहिल्या दोन-तीन दिवसांतच डेंग्यू आयजीजी (जुन्या ओळखीची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असेल, तर त्यांना पूर्वी कधीतरी, कदाचित न कळताच, पहिला डेंग्यू होऊन गेलेला असणार.

फिलिपिन्समध्ये २०१६मध्ये आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यात ती लसच पहिल्या आजाराची जागा घेते आणि पुढचा खरा डेंग्यू जास्त तीव्र होऊ शकतो, हे २०१७च्या अखेरीस जाहीर झालं आणि मोहीम थांबवावी लागली. प्रतिकारशक्ती ‘वाढवणं’ नेहमी भल्याचंच असतं असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोविडमध्येही आपण हेच पाहिलं. ऑक्सिजनवर गेलेल्या रुग्णांना जून २०२०पासून ज्या स्वस्त औषधाने वाचवलं ते डेक्सामेथासोन, प्रतिकार दाबणारं स्टेरॉइड. पहिल्या आठवड्यात घरी ऑक्सिजन नीट असताना घेतलं तर तेच घातक ठरू शकत होतं. शरीरात तर हा लगाम जन्मापासूनच असतो. शिमोन साकागुची यांनी १९९५मध्ये अशा टी पेशी दाखवल्या ज्यांचं काम दुसऱ्या टी पेशींना आवरणं हे आहे, आणि त्या संशोधनासाठी २०२५चं नोबेल त्यांना, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळून दिलं गेलं. फासे टाकून बनवलेल्या लाखो पेशींत काही आपल्याच अंगावर बसणाऱ्या निघणारच. त्यांना आवरलं नाही तर संधिवात, टाइप वन मधुमेह, थायरॉइडचे विकार. घोडबंदरच्या बांधकामांच्या धुळीने तुमच्या इमारतीत निम्म्यांना शिंका येत असतील, त्यातल्या बऱ्याच जणांची ॲलर्जी हाही प्रतिकाराचा अतिरेकच आहे.

म्हणून सिरपबद्दल माझं मत सरळ आहे: नको. बाटलीवर ‘इम्युनिटी’ लिहिलंय, पण कुठल्या पेशीचं काय वाढणार हे कुणी सांगत नाही. व्हिटॅमिन सी नेहमी घेणाऱ्यांचं पडसं किंचित लवकर आटपतं, सर्दी झाल्यावर सुरू करून उपयोग दिसत नाही, आणि तेवढ्यासाठी आवळा, पेरू आहेत. सासूबाईंचा आलं-तुळशीचा काढा घशाला शेक देतो, कोमट आणि पातळ असेल तर मोठ्यांनी प्यावा, मुलाला चमचा-दोन चमचे पुरे. त्यात गुळवेल मात्र रोज घालू नका. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद मोठ्या माणसांपुरता राहू दे, साडेतीन वर्षांच्या पोरावर प्रयोग कशाला?

ज्याचा पुरावा आहे ती गोष्ट फुकट आहे, म्हणून कुणी जाहिरात करत नाही. २००९मध्ये अमेरिकेत १५३ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून पाहिलं. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. तुमचा मुलगा बाबा लोकलने घरी येईपर्यंत, म्हणजे साडेअकरापर्यंत जागतो असं तुम्ही लिहिलंय. तिथे हात घाला. बाबांना सकाळी भेटू दे.

खरोखर प्रतिकार कमी असलेली मुलं असतात, पण ती वेगळी दिसतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा अधिक वेळा कान फुटणं, खोलवरचे गळू पुन्हा पुन्हा, वर्ष उलटल्यावरही तोंडात न जाणारी पांढरी बुरशी, वजन न वाढणं, बीसीजीची जागा महिनोन्‌महिने चिघळणं, घरात लहानपणी दगावलेलं भावंड. असं काही असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, तपासतात, आणि परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत त्यापुढच्या तपासण्या होतात. तुमच्या यादीत यातलं एकही नाही, वजनही तुम्ही पंधरा किलो लिहिलंय, ते छान आहे.

तेव्हा आणखी रक्त काढू नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, ती पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात त्याला आणि सासऱ्यांना दोघांनाही द्या. त्याची ही पहिलीच असेल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. घरी आल्या आल्या साबणाने हात धुवायची सवय लावा. आणि नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, खेळतोय, तर सोमवारी प्लेग्रुपला पाठवा. दप्तरात दोन रुमाल ठेवा, एक तो हरवणारच.